पुनरावृत्ती आणि आरोप : मानसोपचारातील संबंधांचा आकृतिबंध आणि तेंडुलकरांची दोन नाटके

१

एखाद्या व्यक्तीच्या आयुष्यात जवळच्या संबंधांची कहाणी पुन्हा पुन्हा एकाच वळणाने जावी, माणसे बदलावीत पण शेवट बदलू नये, हा अनुभव साहित्याला नवा नाही. मानसोपचाराने मात्र विसाव्या शतकात त्याला संकल्पनेचे रूप दिले. सिग्मंड फ्रॉइडच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘सुखतत्त्वापलीकडे’ या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात अशा माणसांची एक छोटी यादी येते. ज्यांच्यावर उपकार केले ते सारेच ज्याला कृतघ्नपणे सोडून जातात असा उपकारकर्ता; ज्याची प्रत्येक मैत्री मित्राने केलेल्या विश्वासघातात संपते असा मनुष्य; ज्याचे प्रत्येक प्रेम त्याच टप्प्यांतून जाऊन त्याच जागी थांबते असा प्रियकर. त्यानंतर एक स्त्री येते. तिने तीन विवाह केले. तिन्ही पती विवाहानंतर लवकरच आजारी पडले आणि मृत्युशय्येवर त्यांची शुश्रूषा तिलाच करावी लागली. पहिल्या उदाहरणांत व्यक्तीच्या स्वतःच्या वर्तनाचा वाटा दिसतो, या स्त्रीच्या बाबतीत तसा तो दिसत नाही, हा भेद फ्रॉइडने स्वतः नोंदवला आहे. तथापि दोन्ही प्रकार त्याने एकाच संकल्पनेखाली, पुनरावृत्तीच्या अनिवार्यतेखाली, एकत्र आणले.

या यादीचा शेवट एका काव्यकथेने होतो, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. टॉर्क्वाटो टासोच्या १५८१ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘मुक्त जेरुसलेम’ या महाकाव्यात टँक्रेड हा वीर आपल्या प्रेयसीला, क्लोरिंडाला, द्वंद्वयुद्धात ठार करतो. शत्रूच्या चिलखतात असल्यामुळे ती त्याला ओळखू येत नाही. तिच्या दफनानंतर तो एका मंतरलेल्या अरण्यात शिरतो आणि एका उंच झाडावर तलवार चालवतो. खोडातून रक्त वाहू लागते आणि त्या झाडात बंदिस्त झालेल्या क्लोरिंडाचा आवाज, तू मला पुन्हा जखमी केलेस, अशी तक्रार करतो. मानसशास्त्राने आपली संकल्पना येथे साहित्यातून उचलली आहे. त्यामुळे ती साहित्याला ‘लावताना’ शास्त्राचे उपकरण कलाकृतीवर चालवण्याचा प्रश्न उरत नाही. एका कथनरूपाने दुसऱ्या कथनरूपाकडे परत येण्याचा तो प्रवास असतो, आणि वाटेत काय गळले, काय नव्याने चिकटले हे तपासावे लागते.

या प्रवासात एक प्रश्न सातत्याने मागे पडत आलेला आहे. पुनरावृत्तीचा आकृतिबंध दिसतो खरा. पण तो कोणाला दिसतो, आणि पाहणारा त्याचे काय करतो? टँक्रेडची पुनरावृत्ती दुसऱ्यांदा घायाळ झालेल्या स्त्रीच्या आवाजातून कळते; आसक्त, अजाण वीराला ती स्वतः कळलेली नसते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, आकृतिबंधाची ओळख ही स्वभावतः तटस्थ क्रिया नाही. ज्याच्या आयुष्याचा तो आकृतिबंध आहे त्याला स्वतःची कहाणी सांगण्याचा अवकाश मिळाला तर ती ओळख उपचार ठरते. तो अवकाश हिरावून घेतला तर तीच ओळख आरोप ठरते. मराठी नाटकाने, विशेषतः विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि ‘सखाराम बाइंडर’ या दोन नाटकांनी, हा भेद ज्या नेमकेपणाने दाखवला आहे तो मानसोपचाराच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे.

२

पुनरावृत्तीविषयीचा फ्रॉइडचा पहिला महत्त्वाचा निबंध १९१४ मधील आहे. रुग्ण जे आठवू शकत नाही ते तो कृतीतून पुन्हा घडवतो, आणि आपण ते पुन्हा घडवीत आहोत हे त्याला ठाऊक नसते, असे त्याचे सार सांगता येईल. ही पुनरावृत्ती उपचारकक्षाच्या बाहेर थांबत नाही. वडिलांशी, पतीशी, मालकाशी असलेल्या संबंधाचा साचा रुग्ण उपचारकावरच बसवू लागतो. यालाच भावसंक्रमण म्हणतात. उपचाराचे सारे बळ आणि सारा धोका या एका घटनेत साठवलेला आहे. कारण भूतकाळातील संबंध येथे केवळ वर्णिला जात नाही, तो दोन जिवंत माणसांमध्ये चालू असतो.

हे ज्ञान फ्रॉइडला एका अपयशातून मिळाले होते. ‘डोरा’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या अठरा वर्षांच्या तरुणीवर त्याने १९०० साली सुमारे अकरा आठवडे उपचार केले; ३१ डिसेंबरला तिने उपचार अचानक थांबवले. हा वृत्तान्त १९०५ साली प्रसिद्ध झाला. डोराच्या वडिलांचे एका कौटुंबिक स्नेह्याच्या पत्नीशी संबंध होते, आणि तो स्नेही, हेर के., स्वतः डोराच्या मागे लागला होता. त्याच्या वर्तनाविषयी तिने घरी सांगितले तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. वडिलांच्या सोयीसाठी आपण या माणसाच्या हवाली केले जात आहोत, अशी तिची भावना होती. फ्रॉइडनेही, हेर के.विषयी तुला सुप्त प्रेमच वाटते, असे तिला पुन्हा पुन्हा पटवून देण्याचा प्रयत्न केला. वृत्तान्ताच्या उपसंहारात तो मान्य करतो की, भावसंक्रमण वेळीच ओळखण्यात आपण कमी पडलो : हेर के.चा सूड डोराने आपल्यावर उगवला, त्याला सोडावे तसे आपल्याला सोडले.

या वृत्तान्तातील एक तपशील मात्र अधिक विचार करण्यास भाग पाडतो. हेर के.ने डोराशी लगट करताना आपल्या पत्नीविषयी जे शब्द वापरले तेच शब्द त्याने यापूर्वी आपल्या घरच्या मुलांच्या शिक्षिकेशी वापरले होते, आणि ही गोष्ट डोराला त्या शिक्षिकेकडूनच कळली होती. म्हणजे या कहाणीत शब्दशः पुनरावृत्ती करणारा हेर के. आहे. तरीही पुनरावृत्तीचे निदान झाले ते डोराचे. उपचारासाठी जो समोर बसतो त्याचाच आकृतिबंध दिसतो. जो येत नाही त्याचा आकृतिबंध कायम अदृश्य राहतो. एलेन सिक्सूने १९७६ मध्ये डोरावर नाटक लिहिले तेव्हा या वृत्तान्तातील आवाजांची मांडणी बदलणे हाच तिच्या लेखनाचा गाभा होता, हे येथे आठवावे.

३

उत्तरकालीन मानसोपचाराने या दोषाचे एक महत्त्वाचे परिमार्जन केले. अमेरिकेतील पेनसिल्वेनिया विद्यापीठातील लेस्टर लुबोर्स्की यांनी १९७७ पासून विकसित केलेली पद्धती तौलनिक साहित्याच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे, कारण ती मुळात कथनाच्या विश्लेषणाची पद्धती आहे. रुग्ण उपचारादरम्यान इतर माणसांशी आलेल्या प्रसंगांच्या लहान लहान हकीकती सांगत असतो. अशा प्रत्येक हकीकतीत तीन घटक शोधले जातात : सांगणाऱ्याला काय हवे होते, समोरच्याने कसा प्रतिसाद दिला, आणि त्यावर सांगणाऱ्याचे काय झाले. अनेक हकीकतींत हे त्रिक पुन्हा पुन्हा दिसू लागले की त्या व्यक्तीच्या संबंधांचे मध्यवर्ती सूत्र हाती येते. ‘मला जवळीक हवी असते, समोरचा पाठ फिरवतो, मी स्वतःलाच अपात्र ठरवते’ असे त्याचे स्वरूप असू शकते.

या मांडणीतून दोन गोष्टी साधतात. एक, आकृतिबंधाच्या केंद्रस्थानी दोष न राहता इच्छा येते. हानिकारक संबंधात पुन्हा पुन्हा पडणारी व्यक्ती हानी शोधत नसते. एक जुनी, रास्त इच्छा घेऊन ती ओळखीच्या दारावर उभी राहते. जॉन बोल्बी यांच्या १९६९ ते १९८० या काळात प्रसिद्ध झालेल्या त्रिखंडात्मक ग्रंथाने याची कारणमीमांसा दिली : बालपणी ज्यांच्यावर विसंबावे लागले त्यांच्या वागणुकीतून मूल संबंधांचा एक अंतर्गत नकाशा तयार करते आणि पुढची माणसे त्याच नकाशावरून वाचते. दोन, समोरच्याचा प्रतिसाद हा सूत्राचा स्वतंत्र घटक मानल्यामुळे दुसरा माणूस कथनातून गळत नाही.

या दुसऱ्या मुद्द्याचे महत्त्व सैद्धान्तिक वादापुरते नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९८७ साली आपल्या निदान-पुस्तिकेच्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीत, अधिक अभ्यासासाठी म्हणून, स्वतःची हार स्वतःच ओढवून घेणाऱ्या व्यक्तिमत्त्वाची विकृती परिशिष्टात समाविष्ट केली. मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांनाच या निदानामुळे विकृत ठरवले जाईल, असा तीव्र आक्षेप स्त्रीवादी अभ्यासकांनी व उपचारकांनी घेतला. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत हे निदान उरले नाही. जो मारतो त्याला कथनातून वगळले की जिला मार बसतो तिच्या स्वभावातच कारण सापडते, ही त्या वादातून मिळालेली शिकवण होय.

साहित्यसमीक्षेतही हाच वाद वेगळ्या रूपाने झाला. कॅथी करूथ यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात टासोची ती कथा आघाताच्या सिद्धान्ताचे प्रतीक म्हणून वाचली : जखमेतून येणारा आवाज टँक्रेडला न कळलेल्या सत्याची साक्ष देतो. रूथ लेइस यांनी २००० साली त्यावर आक्षेप घेतला. टँक्रेड हा मारणारा आहे. आघात झाला तो क्लोरिंडावर. मारणाऱ्यालाच आघातग्रस्त ठरवणारे वाचन बळी आणि कर्ता यांच्यातील भेद पुसून टाकते. या वादात कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक निष्कर्ष टळत नाही : पुनरावृत्तीची कथा कोणाच्या नावावर लिहिली जाते, हा वाचनाच्या नीतीचा प्रश्न आहे.

४

हा प्रश्न मराठी रंगभूमीवर १९६७ साली, ‘रंगायन’ने सादर केलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात उभा राहिला. एका खेड्यात प्रयोग करण्यासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी अभिरूप न्यायालय भरवतात आणि शिक्षिका लीला बेणारे हिला आरोपी करतात. आरोप भ्रूणहत्येचा. खेळ हळूहळू खरा होत जातो आणि तिच्या आयुष्यातील दोन संबंध उघडे पाडले जातात. कोवळ्या वयात, चौदा-पंधराव्या वर्षी, तिने सख्ख्या मामावर जीव लावला. लग्नाचा प्रश्न येताच तो पळाला आणि तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. पुढे प्रौढ वयात प्राध्यापक दामले यांच्या बुद्धिमत्तेवर तिने भक्ती केली. त्यांच्यापासून तिला दिवस गेले आणि त्यांनीही हात झटकले.

लुबोर्स्कींचे त्रिक येथे सहज बसते. इच्छा : वडीलधाऱ्या, थोर वाटणाऱ्या पुरुषाचा आधार आणि त्याची स्वीकृती. प्रतिसाद : देहाचा स्वीकार, व्यक्तीचा त्याग. परिणाम : स्वतःच्या देहाविषयीचा संताप आणि मृत्यूची ओढ. एवढेच नव्हे, तर दुसऱ्या वेळी पहिलीच चूक झाली, याची जाणीव बेणारेच्या अखेरच्या स्वगतात स्पष्टपणे व्यक्त होते. आपला आकृतिबंध तिला उमगलेला आहे. रूढ अर्थाने ज्याला अंतर्दृष्टी म्हणतात ती तिच्यापाशी आहे. तरीही ती वाचत नाही. का?

याचे उत्तर नाटकाच्या रचनेत आहे. न्यायालय तिला बोलण्यासाठी जेमतेम दहा सेकंद देते. ती त्या वेळात उभी राहते. इतर सारी पात्रे आहेत त्या अवस्थेत गोठतात आणि त्या थांबलेल्या काळात तिचे दीर्घ स्वगत घडते. ते रंगमंचावर कोणीही ऐकत नाही. गोठलेली माणसे हलू लागतात तेव्हा तिचा वेळ संपलेला असतो. मानसोपचारात जी हकीकत ऐकणाऱ्याच्या उपस्थितीत आकार घेते ती येथे श्रोत्याविना उच्चारली जाते. अंतर्दृष्टी आहे, श्रोता नाही. आणि श्रोत्यावाचून अंतर्दृष्टी हे स्वतःविरुद्धचे आणखी एक साक्षीपुरावे होऊन बसते.

नाटकातील इतर योजनाही याच दिशेने वाचाव्या लागतात. या मंडळीच्या नेहमीच्या खेळात आरोपीचा वकील होतात ते प्राध्यापक दामले, आणि ते आज आलेले नाहीत. त्यामुळे सुखात्मे फिर्यादीचे व बचावाचे दोन्ही काम एकटेच करतात. ज्याच्या प्रतिसादाने कहाणी घडली तोच अनुपस्थित आहे, आणि बचावाची जागा फिर्यादीने बळकावली आहे. हेर के.प्रमाणे दामलेही कोणाच्या निदानाखाली येत नाहीत. दुसरी योजना सामंतची. हा खेड्यातला भाबडा माणूस खेळातली साक्ष देताना वाचत असलेल्या एका कादंबरीतला प्रसंग आपल्या डोळ्यांदेखत घडल्यासारखा सांगतो, आणि नेमकी तीच साक्ष बेणारेला घेरते. फसवलेल्या स्त्रीची कथा इतकी तयार, इतकी परिचित आहे की लोकप्रिय कादंबरीतून उचलली तरी ती खरी ठरते. समाजापाशी आकृतिबंध आधीपासून छापील आहे. तो भरण्यासाठी फक्त नाव हवे असते.

पुनरावृत्ती या नाटकात केवळ बेणारेच्या वाट्याला आलेली नाही, हेही दुर्लक्षित राहू नये. काशीकर आपल्या पत्नीला, ती तोंड उघडेल तेव्हा, गप्प करतात. तिने आश्रय दिलेला रोकडे दोघांच्या धाकात कायम वाकलेला राहतो. वकिली न चाललेले सुखात्मे, शास्त्रज्ञ होऊ न शकलेले पोंक्षे आपापल्या अपयशाचे तेच ते पाढे गिरवतात. संबंधांचे हे सारे साचे हानिकारकच आहेत. मात्र न्यायालयात मोजला जातो तो एकटीचा. शिवाय निकाल देताना काशीकर गर्भ नष्ट करण्याचीच आज्ञा देतात, म्हणजे ज्या कृत्याचा आरोप ठेवला तेच कृत्य न्यायालय करू पाहते. पुनरावृत्ती करणारे आता न्यायालयच झालेले असते.

अन्य भारतीय भाषांच्या संदर्भात या वाचनाला एक पुस्ती जोडणे अगत्याचे आहे. दक्षिणेतील अनेक समाजांत मामा-भाचीचा विवाह रूढीने मान्य आहे. बेणारेच्या समाजात तो निषिद्ध आहे. काशीकरांच्या न्यायालयाला मामाचे नाव निघताच जो धक्का बसतो तो त्यामुळे तमिळ, तेलुगू वा कन्नड प्रेक्षकाला त्याच अर्थाने बसेलच असे नाही. तेथे उरतो तो अधिक मूलभूत अन्याय : एका अल्पवयीन मुलीच्या विश्वासाचा जाणत्या पुरुषाने केलेला वापर. आकृतिबंध मनात असतो हे खरे; त्यातील कोणती रेघ पाप म्हणून गिरवायची हे मात्र नातेव्यवस्था ठरवते.

५

बेणारेच्या कहाणीत पुनरावृत्ती सोसणारी व्यक्ती केंद्रस्थानी आहे. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये ती घडवणारा पुरुष केंद्रस्थानी येतो. छापखान्यात बाइंडरचे काम करणारा सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणतो. लक्ष्मी ही सातवी. प्रत्येकीला घराचे नियम आधी सांगितले जातात; जमेनासे झाले तर दोघेही मोकळे. लग्नातील ढोंग टाळल्याचा त्याला अभिमान आहे. येथे आकृतिबंध लपलेला नाही, तो उघड कराराच्या रूपात मांडलेला आहे; आणि म्हणूनच तो सखारामला दिसत नाही. नियम म्हणजे आपले स्वातंत्र्य असे तो समजतो, आणि बापाच्या माराला कंटाळून घरातून पळालेला मुलगा त्याच नियमांच्या आडून बापाचा हात चालवतो.

या उलटापालटीच्या आकलनासाठी एका भारतीय मनोविश्लेषकाचा विचार उपयोगी पडतो. कलकत्त्यात १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना करणारे गिरींद्रशेखर बोस यांनी परस्परविरोधी इच्छांचा सिद्धान्त मांडला. एखादी कृती करण्याच्या इच्छेसोबत तीच कृती आपल्यावर घडावी अशी विरुद्ध इच्छा मनात वास करीत असते, असे त्यांचे म्हणणे. उपचारात ते रुग्णाला आळीपाळीने दोन्ही जागी कल्पनेने उभे करीत; झोपाळ्याच्या फळीप्रमाणे एकदा कर्त्याच्या, एकदा भोगणाऱ्याच्या. या दृष्टीने पाहता सखारामच्या घरातली प्रत्येक व्यक्ती त्या फळीवर अडकलेली दिसते. मार खाल्लेला सखाराम मारतो. फौजदार शिंदेने छळलेली चंपा, तो पुढ्यात येताच, त्याला बडवून काढते. आणि सखारामची शय्या सोसवत नाही म्हणून दारूत बुडते. नवऱ्याने टाकलेली लक्ष्मी परतून येते, आणि जिने तिला घरात थारा दिला त्या चंपाचे गुपित फोडून तिच्या मृत्यूला कारण होते. फळी वरखाली होते, पण तिच्यावरून कोणी उतरत नाही. कारण दुसऱ्याच्या जागी उभे राहणे येथे कल्पनेत घडत नाही, प्रत्यक्ष देहावर घडते. उपचार आणि हिंसा यांतील अंतर एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे.

सखारामचे बालपण कळल्यामुळे त्याचा गुन्हा सौम्य होतो काय? तेंडुलकर तशी सवलत देत नाहीत. बापाची हकीकत नाटकात येते, पण चंपाचे प्रेतही येते, आणि शेवटी रंगमंचावर तेच उरते. लेइस यांनी टँक्रेडविषयी उपस्थित केलेल्या आक्षेपाला या नाटकाने अशा रीतीने आधीच उत्तर देऊन ठेवले आहे : कर्त्याची जखम समजून घेता येते, तिच्या बदल्यात बळीची जखम वजा करता येत नाही.

६

मग साचा मोडतो कसा? १९४६ साली फ्रान्झ अलेक्झांडर आणि थॉमस फ्रेंच यांनी या प्रश्नाचे उत्तर देताना पुन्हा एकदा साहित्याकडेच धाव घेतली. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ मधील ‘ले मिझराब्ल’ या कादंबरीतला झाँ व्हालझाँ एकोणीस वर्षांच्या तुरुंगवासानंतर बिशपच्या घरी आश्रय घेतो आणि त्याचीच चांदी चोरून पळतो. पकडून आणल्यावर बिशप ती चांदी आपणच दिली असे सांगतो. ज्या प्रतिसादाची सवय झालेली आहे त्याऐवजी वेगळाच प्रतिसाद मिळणे, याला अलेक्झांडरने दुरुस्तीचा भावानुभव म्हटले.

ह्यूगोचा पुढचा प्रसंग येथे अधिक बोलका आहे. बिशपकडून निघाल्यावर व्हालझाँ एका लहान मुलाचे चाळीस सूचे नाणे बळकावतो. साचा त्याच्याकडून पुन्हा एकदा वठवला जातो. मात्र या वेळी ती कृती त्याला स्वतःलाच परकी वाटते आणि तो कोसळून रडतो. चांगुलपणाने साचा तत्काळ मोडत नाही. चांगुलपणाच्या उजेडात तो पुन्हा घडतो तेव्हा प्रथमच नजरेस पडतो. फ्रॉइडने १९१४ मध्ये, एकदा ओळखलेल्या गोष्टीतूनही रुग्णाला दीर्घकाळ पुन्हा पुन्हा जावे लागते, असे जे सांगितले त्याचा हाच अर्थ. उपचारकाने पुनरावृत्तीला बंदी करायची नसते. ती कोणाला शिक्षा न होता घडू शकेल अशी जागा राखायची असते.

बेणारेला असा बिशप मिळत नाही. नाटकाच्या अखेरीस सामंत कापडी पोपट तिच्याशेजारी हळूच ठेवतो. साक्ष देऊन ज्याने नकळत घात केला त्याच माणसाची ही मुकी कणव आहे. पण ती तिच्या शब्दांपर्यंत पोहोचत नाही, कारण ते शब्द त्याने ऐकलेलेच नाहीत. सखारामच्या घरात तर एवढेही घडत नाही.

मनोविश्लेषणाचे आकृतिबंध वापरून साहित्यकृती वाचणाऱ्या अभ्यासकापुढे त्यामुळे एक अट उभी राहते. पात्राच्या आयुष्यातील पुनरावृत्ती दाखवून देणे सोपे आहे. काशीकरांच्या न्यायालयालाही ते जमले होते. त्या पुनरावृत्तीमागील इच्छा कोणती, तिला प्रतिसाद देणारे कोण होते, त्यांची नावे कथनातून का गळली, आणि त्या पात्राचे बोलणे संहितेत कोणी ऐकले, या प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय असे वाचन पूर्ण होत नाही. ती उत्तरे न देणारी समीक्षा विद्वत्तेच्या भाषेत बोलत असली तरी तिचे आसन त्या अभिरूप न्यायालयातच मांडलेले असते.